मराठी ग्रंथव्यवसाय आणि प्रादेशिक लेखक

मराठीतील ग्रंथप्रकाशनाचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मुख्यतः मुंबई व पुणे ह्या दोन शहरांत केंद्रित झाला. कोकण, खानदेश, वऱ्हाड-नागपूर, मराठवाडा आणि दक्षिण महाराष्ट्र ह्या प्रदेशांतील लेखकांचा ह्या केंद्रांशी जो संबंध आला, त्याचा इतिहास हा मराठी वाङ्मयेतिहासाचा एक महत्त्वाचा, पण बराचसा दुर्लक्षित भाग होय. ग्रंथ वाचकाच्या हाती पडण्यापूर्वी कागद, जुळणी, छपाई व बांधणी ह्यांचा खर्च कोणीतरी करावा लागतो आणि विक्रीतून तो परत येण्यास वर्षानुवर्षे लागतात. हे भांडवल कोण पुरवितो, ह्यावरच कोणत्या प्रदेशातील आणि कोणत्या थरातील लेखक छापला जाणार, हे बव्हंशी ठरत आले आहे.

मराठी मुद्रणाचा आरंभ मात्र ह्या दोन्ही शहरांबाहेर झाला. फादर टॉमस स्टीफन्स ह्यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे प्रसिद्ध झाले आणि त्याच सुमारास तंजावरच्या सरफोजीराजांनीही आपला छापखाना चालविला. ह्या तिन्ही ठिकाणी खर्च धर्मसंस्थेने वा राजाने केला होता. विक्रीचा प्रश्नच नव्हता. मुंबईत मिशनऱ्यांचे आणि शाळापुस्तक मंडळींचे काम सुरू झाल्यावर छपाईची कला एतद्देशीयांच्या हाती आली. गणपत कृष्णाजी ह्यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापले. जावजी दादाजी ह्यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. पंचांगे, पोथ्या आणि क्रमिक पुस्तके ह्यांना ठरलेले गिऱ्हाईक होते व त्यांच्या नफ्यावर छापखाने उभे राहिले. नव्या लेखकाच्या स्वतंत्र ग्रंथाला असे गिऱ्हाईक नव्हते.

अशा ग्रंथांचा पहिला मोठा आश्रयदाता म्हणजे सरकार. पेशवाईतील दक्षिणेच्या निधीचा काही भाग ग्रंथांना पारितोषिके देण्याकडे वळविण्यात आला व त्यासाठी १८५१ मध्ये पुण्यात दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. इंग्रजी व संस्कृत ग्रंथांची अनेक भाषांतरे तिच्या उत्तेजनाने झाली. मराठी गद्याच्या घडणीतील तिचा वाटा नाकारता येणार नाही. तथापि कोणता ग्रंथ बक्षिसास योग्य हे ठरविण्याचा अधिकार पुण्यातील मोजक्या विद्वानांकडे असल्याने त्यांच्या अभिरुचीची व सामाजिक दृष्टीची मर्यादा निवडीवर पडली. जोतीराव फुले ह्यांचे तृतीय रत्न हे नाटक १८५५ मध्ये कमिटीकडे पाठविण्यात आले होते, ते तिने नाकारले. कुणबी दांपत्यास जोशीबुवा कसा नाडतो, हा त्याचा विषय. हे नाटक छापील स्वरूपात वाचकांसमोर आले ते १९७९ मध्ये, पुरोगामी सत्यशोधक ह्या नियतकालिकात. म्हणजे लिहिल्यापासून सुमारे सव्वाशे वर्षांनी. नाकारलेली सर्वच हस्तलिखिते इतकी सुदैवी नसणार, हे उघड आहे.

फुले ह्यांनी पुढे गुलामगिरी (१८७३) सारखी पुस्तके स्वतःच प्रसिद्ध केली. परंतु लेखक हाच प्रकाशक झाल्याने अडचण संपत नव्हती, कारण छापखाना आणि नियतकालिक ही साधने दुसऱ्याच्या हाती राहत. शेतकऱ्याचा असूड (१८८३) ह्या ग्रंथाची पहिली दोन प्रकरणे दीनबंधु पत्राने छापली आणि उरलेली छापण्याचे टाळले. हे पत्र सत्यशोधक विचाराचे होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. दीनबंधुचे संस्थापक कृष्णराव भालेकर ह्यांची बळीबा पाटील ही कादंबरी १८८८ च्या सुमारास दीनमित्रातून क्रमशः आली. ग्रामीण जीवनावरील पहिली मराठी कादंबरी म्हणून अभ्यासक आज तिचा निर्देश करतात. पण त्या काळी ग्रंथरूप न मिळाल्याने पुढील कादंबरीकारांपुढे ती नव्हतीच. नियतकालिकाचा अंक वाचून टाकला जातो आणि ग्रंथ ग्रंथालयात राहतो, हा भेद वाङ्मयपरंपरेच्या दृष्टीने निर्णायक ठरतो.

भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील (१८८५–१९६७) ह्यांचा उद्योग ह्या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे. त्यांनी १९१० मध्ये दीनमित्र पुन्हा सुरू केले व अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील तरवडी ह्या खेड्यातून ते अनेक वर्षे चालविले. वृत्तपत्र आणि पुस्तके ह्यांचा एकमेकांना आधार असे. गावच्या कुलकर्ण्याच्या लेखणीने रयत कशी नागविली जाते, हे सांगणारे त्यांचे कुलकर्णीलीलामृत (१९१३) पोथीच्या धाटणीने ओवीबद्ध आहे. ही योजना केवळ विडंबनासाठी नव्हती; खेड्यात एकाने वाचावे व दहांनी ऐकावे, ही पोथीवाचनाची सवय त्या पुस्तकाच्या कामी आली. पुण्यातील प्रकाशकाची संमती न घेता ग्रंथ वाचकांपर्यंत पोहोचू शकतो, हे दीनमित्राने दाखविले. मात्र असा छापखाना चालविणारा मनुष्य हेच त्याचे भांडवल असल्याने त्याच्यामागे तो टिकणे दुर्घट होते.

शहरातील विद्वानांनाही ग्रंथविक्रीची चिंता होतीच. न्या. महादेव गोविंद रानडे व लोकहितवादी ह्यांच्या पुढाकाराने १८७८ च्या मे महिन्यात पुण्यास पहिली ग्रंथकारसभा भरली. ग्रंथप्रसारास चालना देणे हा तिचा हेतू होता. साहित्यसंमेलनाची परंपरा जिच्यापासून मोजतात, ती ही सभा मुळात व्यवसायाच्या प्रश्नातून निघाली, हे आता फारसे कोणाच्या लक्षात नसते. १८८५ च्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण फुले ह्यांनी पत्र लिहून नाकारले. ज्यांच्या सभांना व पुस्तकांना शूद्रातिशूद्रांच्या हक्कांशी कर्तव्य नाही, त्यांच्याशी आपला मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता.

ग्राहकांकडून आगाऊ वर्गणी घेऊन ग्रंथ छापण्याची पद्धत ह्याच काळात रूढ झाली आणि तिने पुण्याबाहेरील कार्यकर्त्यांना मोठा हात दिला. विष्णु गोविंद विजापूरकर ह्यांनी कोल्हापुरात १८९४ पासून चालविलेले ग्रंथमाला हे मासिक म्हणजे हप्त्याहप्त्याने ग्रंथ देण्याची सोय होती. धुळ्यास शंकर श्रीकृष्ण देव ह्यांनी सत्कार्योत्तेजक सभेमार्फत रामदासी वाङ्मय प्रसिद्ध केले. ह्या पद्धतीचा सर्वांत मोठा प्रयोग मात्र श्रीधर व्यंकटेश केतकर ह्यांचा. महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी त्यांनी नागपुरात ज्ञानकोशमंडळ ही मर्यादित कंपनी उभी केली. संस्थानिकाच्या देणगीवर वा सरकारी अनुदानावर विसंबण्याऐवजी भागधारक आणि ग्राहक मिळविण्यासाठी प्रचारक गावोगाव हिंडले. वकील, शिक्षक, व्यापारी अशा मध्यमवर्गाने संपूर्ण संच घेण्याचे पत्करले आणि १९२० पासून सुरू झालेले तेवीस खंड त्या दशकात बाहेर पडले. माझे बारा वर्षांचे काम (१९२७) ह्या पुस्तकात केतकरांनी ह्या खटाटोपाचा हिशेबच मांडला आहे. ग्रंथ पूर्ण करण्यासाठी कचेरी पुण्यास हलवावी लागली, ही गोष्टही तितकीच बोलकी आहे. पैसा व ग्राहक विदर्भातून मिळू शकत होते; ग्रंथालये, लेखक व कुशल जुळारी मात्र पुण्यात होते.

स्वातंत्र्योत्तर काळात व्यवसायाचे गणित बदलले ते ग्रंथालयांमुळे. रत्नागिरी (१८२८), अहमदनगर (१८३८) व नासिक (१८४०) येथील वाचनालये जुनी असली, तरी संख्येने मोठी अशी खरेदी पुढे सुरू झाली. ललित पुस्तकाची सर्वसाधारण आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची असे. लेखकास छापील किंमतीवर दहा ते पंधरा टक्क्यांच्या आसपास स्वामित्वधन कबूल केले जाई. विक्रेत्यास द्यावयाचा वटाव ह्याहून पुष्कळच अधिक असे आणि विक्री बहुधा उधारीची. अशा स्थितीत अनोळखी लेखकाचे पुस्तक घेणे म्हणजे प्रकाशकाने जोखीम पत्करणे. त्यामुळे तो आधी नियतकालिकांकडे पाहू लागला. सत्यकथा, मौज ह्यांसारख्या नियतकालिकांतून नाव झालेल्या लेखकाचे पुस्तक निघे. टपालाने कथा पाठवून खेड्यातील शिक्षकालाही ह्या दारातून आत येता येत असे. परंतु दाराची राखण मुंबईतच होती. प्रस्थापित अभिरुचीचा निषेध म्हणून १९६९ मध्ये लघुनियतकालिकांच्या तरुण लेखकांनी सत्यकथेचा अंक जाळला, त्यामागील रोष केवळ वाङ्मयीन नव्हता.

प्रादेशिक कादंबरीचा बहर ह्याच काळातला. र. वा. दिघे ह्यांची पाणकळा (१९३९), श्री. ना. पेंडसे ह्यांची गारंबीचा बापू (१९५२), व्यंकटेश माडगूळकर ह्यांची बनगरवाडी (१९५५) ह्या कृतींनी मराठी कादंबरीला नवी भूमी दिली. येथे एक गोष्ट नोंदविली पाहिजे : दिघे खोपोलीस राहून लिहीत, पण पेंडसे मुंबईत नोकरीस होते व माडगूळकर पुण्यास आकाशवाणीवर. प्रदेश लेखनात राहिला आणि लेखक शहरात आला. जे आले नाहीत त्यांना कोणीतरी मध्यस्थ लागला. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी ह्या निरक्षर होत्या. त्यांची गाणी घरच्यांनी उतरवून घेतली आणि त्यांचे कवी पुत्र सोपानदेव ह्यांनी ती आचार्य अत्रे ह्यांना दाखविली, म्हणून १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. तत्पूर्वीच, १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई निवर्तल्या होत्या.

काही प्रकाशकांनी जोखीम उचलली, हेही खरे. पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने कोल्हापूर जिल्ह्यातील कोवाडच्या रणजित देसाई ह्यांची स्वामी (१९६२) आणि लगेच खानदेशातील पंचवीस वर्षांच्या भालचंद्र नेमाडे ह्यांची कोसला (१९६३) प्रसिद्ध केली. एक ऐतिहासिक व लोकप्रिय, दुसरी रूढ कादंबरीचे संकेत मोडणारी. पहिल्या प्रकारच्या खपातूनच दुसऱ्या प्रकाराचे धाडस परवडते, हे प्रकाशनव्यवसायात नित्य दिसते.

दलित लेखकांपुढील अडचण दुहेरी होती. औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) गंगाधर पानतावणे ह्यांच्या अस्मितादर्शाने त्यांना हक्काचे व्यासपीठ दिले. १९७४ मध्ये मुंबईत ग्रंथाली ही वाचक चळवळ सुरू झाली. सभासदांना सवलतीने पुस्तके देणे आणि गावोगाव प्रदर्शने भरविणे ह्या तिच्या पद्धतीत केतकरांच्या प्रयोगाशी साम्य दिसते. दया पवार ह्यांचे बलुतं (१९७८) आणि सातारा जिल्ह्यातील कैकाडी समाजात वाढलेल्या लक्ष्मण माने ह्यांचे उपरा (१९८०) ह्या आत्मकथनांना तिच्यामुळे ग्रंथालयांपलीकडचा वाचक मिळाला. उपराला १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. अशी पुस्तके विकली जात नाहीत, हा व्यवसायातील समज त्यामुळे निराधार ठरला व इतर प्रकाशकही आत्मकथनांकडे वळले.

शासनाचा प्रवेश १९६० नंतर नव्या रूपाने झाला. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकांना अनुदान दिले आणि १९६९ मध्ये फुले ह्यांचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध केले. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने ग्रंथालयांना नियमित अनुदान मिळू लागल्याने प्रकाशकांना निश्चित ग्राहक लाभला. ह्याचा एक अनिष्ट परिणामही झाला : वाचकाऐवजी खरेदीच्या याद्यांकडे पाहून पुस्तके काढणारे आणि अवाजवी वटाव देणारे प्रकाशक निपजले. १९५७ च्या कायद्याने लेखकाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांपर्यंत (१९९२ पासून साठ वर्षांपर्यंत) सुरक्षित केला. पण तोंडी करार आणि न छापलेला आवृत्तीक्रमांक ह्यांपुढे कायदा फारसा उपयोगी पडत नाही.

खिळ्यांची जुळणी जाऊन १९८० नंतर प्रतिरूप मुद्रण व संगणकीय अक्षरजुळणी आली, तेव्हा जिल्ह्याच्या गावीही चांगले पुस्तक छापणे शक्य झाले. औरंगाबाद, कोल्हापूर व नागपूर येथील प्रकाशनसंस्था वाढल्या. छपाईचा प्रश्न सुटला तरी वितरणाचा सुटला नाही. लातूर वा चंद्रपूर येथे छापलेले पुस्तक शेजारच्या जिल्ह्यात दाखवावयाचे, तरी बहुधा ते पुण्यातील वितरकामार्फतच जाते. आवृत्ती लहान करून तिचा खर्च लेखकाकडूनच घेण्याची प्रथा ह्या काळात पसरली असून अशा पुस्तकांच्या प्रती बहुधा लेखकाच्याच घरी पडून असतात.