जिवतीचा कागद : भिंतीवरून छापखान्यापर्यंत

श्रावण लागला की परभणी जिल्ह्यात आणि एकूणच मराठी मुलखात अनेक घरांच्या देवघरात जिवतीचा कागद लागतो. एकाच कागदावर चार देवचित्रे असतात. सहसा वर हिरण्यकशिपूला मांडीवर घेऊन त्याचे पोट फाडणारा नरसिंह, त्याखाली कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण, मग लेकरांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका (म्हणजेच जिवती) आणि शेवटी हत्तीवर बुध व वाघावर बृहस्पती असा क्रम असतो.

आज हा कागद छापील मिळत असला तरी त्याचे मूळ भिंतीवरच्या चित्रात आहे. महाभारताच्या सभापर्वात जरा नावाची राक्षसी जरासंधाच्या देहाची दोन शकले जोडते. आपले मुलाबाळांसह चित्र भिंतीवर काढणाऱ्याच्या घराची भरभराट होते, असे ती जरासंधाच्या पित्याला, राजा बृहद्रथाला, सांगते. बुध-बृहस्पतीच्या कहाणीतही दोन बाहुली काढायला सांगितले आहे : धान्य हवे तर कोठीवर, पैसा हवा तर पेटीवर. शनिवारी नरसिंहाचे चित्र खांबावर किंवा भिंतीवर गंधाने काढून पूजण्याचीही रीत आहे. ही चित्रे सहसा घरच्या बायका काढत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिळाछापाने देवांची रंगीत चित्रे घरोघरी पोचवली. पुण्यात 1878 मध्ये चित्रशाळा आणि मुंबईत 1894 मध्ये राजा रवि वर्मा यांचा छापखाना सुरू झाला. छपाईच्या प्रसाराबरोबर जिवतीही कागदावर आली. दागिने, पातळे, चेहरे बदलले. देव आणि त्यांची वाहने मात्र तीच राहिली.

पूजेचे दिवसही या चित्रांना वाटून दिलेले आहेत. नागपंचमीला कालियामर्दन, बुधवारी-गुरुवारी बुध-बृहस्पती आणि शनिवारी नरसिंह पूजतात. शुक्रवार जिवतीचा. आघाडा, दूर्वा आणि फुलांची माळ घालून, पुरणाचा नैवेद्य दाखवून आई लेकरांना ओवाळते. परभणीजवळच्या पोखर्णी येथे नरसिंहाचे प्रसिद्ध देवस्थान आहे. त्यामुळे इथल्या भाविकांना कागदावरचा नरसिंह विशेष जवळचा वाटतो.

जिवतीच्या कागदावर बहुधा कोणा चित्रकाराची सही नसते आणि श्रावण सरला की तो उतरवला जातो. म्हणून जुन्या प्रती दुर्मीळ आहेत. ज्या घरांत त्या उरल्या असतील, तिथे त्या लोककलेचा दस्तऐवज म्हणून जपायला हव्यात.