अम्मीचा रिपोर्ट आणि एका तपासणीचा इतिहास

रमजानच्या आधी डॉक्टरांनी अम्मीच्या चिठ्ठीवर ‘सी-पेप्टाइड’ लिहिले. सुलतानपुरात साखर दोन मिनिटांत कळते. हा नमुना मात्र मोठ्या शहरात गेला. असे का, ते शोधताना हा इतिहास हाती लागला.

इन्सुलिन म्हणजे ५१ अमिनो आम्लांचे छोटे पेप्टाइड. एक मिलिलिटर रक्तद्रवात प्रथिने सुमारे ७० मिलिग्रॅम असतात, तर उपाशीपोटी इन्सुलिन एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहूनही कमी. रंग बदलणारे रसायन टाकले तर मोठी प्रथिनेच दिसतात. वजनाप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलमधून छोटे तुकडे निसटून जातात. गर्दीत नेमका एकच चेहरा ओळखणारा साक्षीदार हवा होता.

तो न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधील माजी सैनिकांच्या रुग्णालयात सापडला. रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी आयोडीनची खूण लावलेले इन्सुलिन रुग्णांना टोचले. आधी इन्सुलिन घेतलेल्यांच्या रक्तात ते जास्त वेळ टिकले. कारण जनावरांच्या इन्सुलिनविरुद्ध त्यांच्या शरीरात प्रतिपिंडे तयार झाली होती. इतक्या छोट्या रेणूविरुद्ध प्रतिपिंड? तज्ज्ञांना पटेना. १९५५ मध्ये लेख नाकारला गेला. १९५६ मध्ये छापताना शीर्षकातून ‘प्रतिपिंड’ शब्द काढावा लागला. मग त्यांनी त्याच प्रतिपिंडाला मोजमापाचे साधन केले. खुणेचे इन्सुलिन आणि रक्तातले इन्सुलिन एकाच जागेसाठी झगडतात. खुणेचे जितके बाहेर ढकलले जाते, तितके रक्तात जास्त. या पद्धतीचे पेटंट दोघांनी घेतले नाही. १९७२ मध्ये बर्सन वारले. १९७७ चे नोबेल यालोंना मिळाले आणि नकाराचे ते पत्र त्यांनी नोबेल व्याख्यानात दाखवले. आज बहुतेक ठिकाणी किरणोत्साराऐवजी प्रकाश देणारी खूण वापरतात. साक्षीदार मात्र प्रतिपिंडच.

पण अम्मी इन्सुलिन टोचून घेते. मग रक्तातले तिचे स्वतःचे कोणते आणि सुईतले कोणते? स्वादुपिंड इन्सुलिन बनवताना ३१ अमिनो आम्लांचा एक तुकडा कापून वेगळा करते. तेच सी-पेप्टाइड. सुईत ते नसते. म्हणून इथे इन्सुलिन नव्हे, हा तुकडा मोजायचा.

रिपोर्टमध्ये तो जवळजवळ नव्हताच. “परहेज पाळत नाही” हे टोमणे अम्मीने कित्येक वर्षे ऐकले, मीही मारले. रोजे सुटतात म्हणून ती स्वतःलाच गुन्हेगार समजे. डॉक्टरांनी सांगितले, सुई थांबवायची नाही, दोष तुमचा नाही. मी रिपोर्ट तिला उर्दूत वाचून दाखवला आणि माफी मागितली.