नळीत धरलेला क्षार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या बीडकडच्या घरात बंब उघडून पाहावा, आत पांढरट थर दिसतो. पाणी निघून जाते, क्षार मागे राहतो. तेलविहिरीच्या नळ्यांतही असाच थर धरतो. फक्त त्यात रेडियम असू शकते.

आपल्या काळ्या दगडात तेल लागलेले नाही. पण स्वयंपाकाच्या गॅसचा माग काढत गेलो, तर उरणला आणि तिथून मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटर, भर समुद्रात पोचता येते. 'सागर सम्राट'ला तिथे फेब्रुवारी 1974 मध्ये तेल लागले. मे 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले.

तेल कधी एकटे येत नाही. खडकात युगानुयुगे मुरलेले खारे पाणी बरोबर येते, आणि खडकातल्या युरेनियम-थोरियमपासून झालेले रेडियम त्यात उतरलेले असते. दाब टिकवण्यासाठी समुद्राचे पाणी खाली सोडतात. मुंबई हायमध्येही सोडतात. या पाण्यातले सल्फेट खालच्या पाण्यातल्या बेरियमला भेटले, की नळीला दगडासारखा थर धरतो. रेडियमचा स्वभाव बेरियमसारखाच, म्हणून तेही त्यात अडकते. कुणी बाहेरून आणून टाकलेले नाही. जमिनीतलेच, पण एका जागी गोळा झालेले.

कच्च्या तेलातून किरणोत्सर्गी वायू निघतो, हे कॅनडातल्या बर्टन यांनी 1904 सालीच नोंदवले होते. तरी नळ्यांतल्या थराकडे उद्योगाचे लक्ष गेले ते 1981 मध्ये उत्तर समुद्रात आणि 1986 मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपीत. मधल्या काळात कामगार त्या नळ्या ठोकून, खरवडून साफ करतच होते. थर नळीत असेपर्यंत धोका थोडा. धूळ होऊन छातीत गेला, की वर्षानुवर्षे आतून किरण सोडत राहतो. जुन्या नळ्यांची कुंपणे झाली, काही शाळांना वेल्डिंग शिकवायला दिल्या गेल्या. लुइझियानातल्या हार्वी गावी नळ्या साफ करण्याच्या जागेवरून खटला झाला. 2001 साली ज्यूरीने एक्सॉनमोबिलला 1 अब्ज डॉलरहून अधिक रक्कम भरायला सांगितली. अपिलात ती पुष्कळ घटली.

घरच्या सिलिंडरची धास्ती मात्र नको. वायूबरोबर येणारा रेडॉन 3.8 दिवसांत निम्मा होतो. नळीतल्या रेडियमला निम्मे व्हायला 1600 वर्षे लागतात. अजिंठ्याची वाकाटककालीन लेणी कोरली, त्यालाही अजून तेवढी वर्षे झालेली नाहीत.