तूट कुणी पाडली? शिकागोच्या पन्नास शाळा आणि आपला पट

आधी कबुली देतो. आमच्या वस्तीतली जिल्हा परिषदेची शाळा बंद झाली, तिच्या समायोजनाच्या कागदावर माझी सही आहे. मी शाळा व्यवस्थापन समितीवर होतो. साहेब आले, खुर्चीत बसले, चहा प्याले, वही उघडली. पट सात. मास्तर दोन. दोन मास्तरांचा पगार भागिले सात पोरं, असा हिशेब त्यांनी करून दाखवला आणि म्हणाले, "शासनाकडं पैसा नाही, आता तुम्हीच सांगा." मी काय सांगणार? मी पदवीधर, जयंतीच्या स्टेजवर भाषण ठोकणारा. आकडा बघून गप्प झालो आणि सही केली. आता शाळा तीन किलोमीटरवर, गावात, हायवे ओलांडून. सातातली पाच पोरं जातात. दोन पोरी घरी राहिल्या, धाकट्या भावंडांना सांभाळतात. त्यांची आई मला अजून दादा म्हणते, पण डोळ्याला डोळा देत नाही.

त्यानंतर मी शाळांच्या पैशाचा इतिहास वाचायला लागलो. वाचता वाचता अमेरिकेतल्या शिकागोला पोचलो. तुम्ही म्हणाल, आपल्या वस्तीचं सोडून हा शिकागोला कशाला गेला? मित्रांनो, ते गाव आपल्याला परकं नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून. त्या पँथरचा शिकागोतला पुढारी फ्रेड हॅम्प्टन. वस्तीतल्या पोरांना शाळेआधी फुकट न्याहारी देण्याचं काम त्याच्या शाखेनं चालवलं होतं. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांनी त्याला घरात घुसून गोळ्या घातल्या. वय एकवीस. त्या वस्त्यांतल्या शाळांचं पुढं काय झालं, हे आपल्याला माहीत असायला पाहिजे.

अमेरिकेत सरकारी शाळा चालवतो तो स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे शाळांपुरती वेगळी जिल्हा परिषदच म्हणा. त्याच्या उत्पन्नाचा मोठा वाटा येतो त्या भागातल्या घरादारांवरच्या करातून. यातच सगळी मेख आहे. ज्या वस्तीत बंगले, तिथं कर भरपूर आणि शाळा झकास. जिथं खोपटी, तिथं कर थोडा आणि शाळा गळकी. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहराचं उदाहरण तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालातच नोंदलेलं आहे. १९६७-६८ साली एजवूड या मेक्सिकन गरिबांच्या डिस्ट्रिक्टमध्ये शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट कर होता, आणि त्यातून स्थानिक वाट्याचे म्हणून पोरामागं २६ डॉलर जमत. शेजारच्या गोऱ्या, सुखवस्तू अलामो हाइट्समध्ये कर ८५ सेंट, आणि पोरामागं ३३३ डॉलर. म्हणजे गरीब जास्त दरानं कर भरत होता आणि त्याच्या पोराला कमी मिळत होतं. पालक कोर्टात गेले. १९७३ साली पाच विरुद्ध चार मतांनी सुप्रीम कोर्टानं सांगितलं की शिक्षण हा त्यांच्या घटनेनं दिलेला मूलभूत हक्क नाही, तेव्हा ही पद्धत घटनाबाह्य ठरत नाही. थरगुड मार्शल हे तिथले पहिले काळे न्यायमूर्ती. त्यांनी विरोधी निकालपत्र लिहिलं. पण मत एकानं कमी पडलं.

आता शिकागो. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांतून आणि गोऱ्यांच्या जुलमातून निघालेले काळे लोक विसाव्या शतकात लाखांनी या शहरात आले. जसे आपले लोक गावकीची कामं टाकून मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत आले, तसेच. शहरानं त्यांना साउथ साइड आणि वेस्ट साइडच्या ठरावीक वस्त्यांत कोंबलं. १९६० च्या सुमारास त्या वस्त्यांतल्या शाळा इतक्या भरल्या की पोरं दोन पाळ्यांत बसायची. जवळच्या गोऱ्यांच्या शाळांत बाकं रिकामी होती. पण काळी पोरं तिथं पाठवायची नव्हती. म्हणून शाळाप्रमुख बेंजामिन विलिस यांनी पत्र्याच्या फिरत्या खोल्या आणून काळ्यांच्या शाळांच्या मैदानात उभ्या केल्या. लोक त्यांना 'विलिसच्या गाड्या' म्हणायचे. २२ ऑक्टोबर १९६३ ला दोन लाखांवर पोरं शाळेत गेली नाहीत. एका शहरात, एका दिवशी, दोन लाख!

हे ध्यानात ठेवा. रिकाम्या बाकांवर काळ्या पोरांना बसवायचं नव्हतं तेव्हा रिकामी बाकं चालत होती, त्या वेळी खर्चाचा हिशेब कुणी काढला नाही.

१९७९ मध्ये बोर्डाची पत घसरली. कर्जावर कर्ज काढून चाललेला कारभार. नोव्हेंबरात पतमापन करणाऱ्या कंपनीनं मानांकन खाली आणलं, कर्ज मिळेना, डिसेंबरात मास्तरांचे पगार थांबले. १९८० साली राज्यानं कायदा करून शाळांच्या पैशावर एक वेगळं वित्त प्राधिकरण बसवलं. बोर्डाचं बजेट या प्राधिकरणाच्या मंजुरीशिवाय पुढं सरकेना. नोकऱ्या कापल्या, संप झाला. तूट पडली की पहिली जाते ती लोकांची सत्ता, हे तेव्हा दिसलं. तशी शिकागोच्या लोकांकडं ती सत्ता कधी नव्हतीच. शाळा बोर्डाचे सभासद नेमलेले असायचे, निवडलेले नाही.

१९९५ साली राज्यानं नवा कायदा केला आणि शाळांचा ताबा थेट महापौरांच्या हातात दिला. त्याच कायद्यात एक कलम होतं, त्याच्याकडं फार जणांचं लक्ष गेलं नाही. शिक्षकांच्या पेन्शनसाठी म्हणून जो कर वेगळा गोळा व्हायचा, तो सर्वसाधारण खर्चात वळवायची मुभा मिळाली. पेन्शनचा गल्ला तेव्हा भरलेला होता. मग पुढची जवळजवळ दहा वर्षं बोर्डानं त्यात आपला वाटा टाकलाच नाही म्हटलं तरी चालेल. गल्ला आटला. २०१० साली पुन्हा तीन वर्षांची सूट घेतली. सूट म्हणजे माफी नव्हे, ती उधारी. वर्षाला सुमारे २० कोटी डॉलरवर आणलेला हप्ता सूट संपताच ६० कोटींच्या वर गेला. सावकाराच्या वहीत नाव असलेल्या बापाच्या पोराला हे वेगळं समजवायला नको.

ही ती तूट. २०१३ साली बोर्डानं जाहीर केलं की एक अब्ज डॉलर कमी पडताहेत आणि शाळा बंद कराव्या लागतील. २२ मे २०१३ ला एका बैठकीत पन्नास शाळा बंद करण्याचा ठराव झाला. एवढ्या शाळा एकदम बंद करण्याचा प्रकार अमेरिकेत त्याआधी झाला नव्हता. जवळजवळ १२,००० पोरं उठवली. शहराच्या शाळांत काळी पोरं शंभरात चाळीसच्या आसपास. उठवलेल्यांत शंभरात अठ्ठ्याऐंशी.

शाळा निवडल्या कशा? आमच्या साहेबांसारखंच, वही उघडून. एका वर्गात तीस पोरं, गुणिले खोल्या. त्याहून पट बराच कमी असेल तर शाळा रिकामी. अपंग आणि मतिमंद पोरांचे वर्ग कायद्यानंच लहान ठेवावे लागतात, पण सूत्राला त्याचं काय? आणि पट का घटला, हा प्रश्न वहीत नव्हताच. त्याचं उत्तर शहरात उभं होतं, खरं तर पाडलेलं होतं. साउथ साइडला रॉबर्ट टेलर होम्स नावाच्या सरकारी चाळी होत्या, सोळा मजल्यांच्या अठ्ठावीस इमारती. शहरानं २००७ पर्यंत त्या सगळ्या पाडल्या. २००० ते २०१० या दहा वर्षांत शिकागोतले काळे लोक पावणेदोन लाखांहून जास्त कमी झाले. आधी घरं पाडायची, मग म्हणायचं शाळेत पोरं नाहीत.

आता पैशाचं बघू, कारण सगळं पैशाच्या नावानं झालं. अधिकाऱ्यांनीच सांगितलेला आकडा असा की पन्नास शाळा बंद केल्यानं चालू खर्चात वर्षाला ४ कोटी ३० लाख डॉलर वाचतील. बोर्डाचा वर्षाचा खर्च पाच अब्जांच्या वर. म्हणजे शंभर रुपयांत एक रुपयासुद्धा वाचत नव्हता. इमारतींच्या दुरुस्तीचा खर्च टळेल, असंही ते म्हणाले. पण पोरं जिथं जाणार त्या शाळा नीट करायला लगेच कोट्यवधी डॉलर काढावे लागले ते वेगळेच. आणि त्याच मे महिन्यात महापौर राम इमॅन्युएल यांच्या कारभारानं मॅककॉर्मिक प्लेसजवळ बास्केटबॉलचं स्टेडियम आणि हॉटेल यांची योजना पुढं आणली, तिला ५ कोटी ५० लाख डॉलर द्यायचं ठरवलं. हा पैसा टीआयएफ नावाच्या खात्यातला. एखादा भाग 'विकासाचा' म्हणून जाहीर केला की तिथल्या वाढत्या घरपट्टीचा पैसा शाळांकडं न जाता या खात्यात जातो. म्हणजे शाळेच्या तोंडचा घास काढून हॉटेलला, आणि वर शाळेला सांगायचं की घरात दाणा नाही. त्यावर कडी म्हणजे २०१४ च्या जानेवारीत याच बोर्डानं सरकारी पैशावर खाजगी संस्थांनी चालवायच्या नव्या चार्टर शाळांना मंजुरी दिली. पैसा नाही, ही साली भंकस होती. पैसा होता. कुणासाठी, एवढाच प्रश्न होता.

शाळा बंद करण्याचा ठराव मांडणाऱ्या मुख्य अधिकारी बार्बरा बर्ड-बेनेट. त्या स्वतः काळ्या. दोन कोटी डॉलरचं कंत्राट निविदेशिवाय देऊन लाच घेण्याच्या कटात २०१५ साली त्यांनी गुन्हा कबूल केला, २०१७ साली साडेचार वर्षांची शिक्षा झाली. आपला माणूस खुर्चीवर बसला म्हणजे काम झालं असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि पोरांचं काय झालं? शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली अहवाल काढला. शाळा बंद होणार अशी बातमी फुटली त्या वर्षीच पोरांची परीक्षेतली कामगिरी घसरली होती. मोडलेली मैत्री, मास्तरांशी तुटलेली नाती आणि शोक, हेही त्यात नोंदलं आहे. संशोधकांनी तिथं जाऊन जे बघितलं, ते मी माझ्या वस्तीत चालत जाऊन बघू शकतो.

पण लोक गप्प बसले नाहीत. २०१२ साली कॅरन लुईस यांच्या पुढारीपणाखाली मास्तरांनी संप केला, तो पंचवीस वर्षांतला पहिला. नुसत्या पगारासाठी नाही, वर्गातल्या पोरांच्या संख्येसाठी आणि शाळेत नर्स असावी म्हणूनही. साउथ साइडची डायट हायस्कूल टप्प्याटप्प्यानं बंद करायचं ठरलं होतं. १७ ऑगस्ट २०१५ ला बारा जण उपोषणाला बसले. आया, बाप, आजीआजोबा. चौतीस दिवस. २०१६ साली शाळा पुन्हा उघडली. त्यांना पाहिजे तसा अभ्यासक्रम पुरता मिळाला नाही, पण दार उघडलं. २०१७ साली राज्याला शाळांच्या अनुदानाचं सूत्र बदलावं लागलं. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकागोच्या लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा शाळा बोर्डासाठी मतदान केलं.

आता परत आपल्या घरी. अर्थसंकल्प हे आपलं काम नाही, असं आपल्या चळवळीत कुठून आलं कळत नाही. १८८२ साली जोतिरावांनी हंटर कमिशनपुढं हेच मांडलं की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च वरच्यांवर होतो. बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले, ते विद्यापीठ काळ्यांच्या हार्लेमला लागून. तिथं ते सरकारी खजिन्याचा अभ्यास करत होते. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचं त्यांचं पुस्तक १९२५ साली निघालं. कर कुणावर बसतो आणि खर्च कशावर होतो, याचा तो हिशेब आहे. १२ मार्च १९२७ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात ते शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. दारूच्या अबकारीतून सरकार माणशी जेवढं काढतं, तेवढंसुद्धा शिक्षणावर घालत नाही, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. त्यानंतर आठ दिवसांनी, २० मार्चला, महाडचं चवदार तळं. आपण तळं लक्षात ठेवलं, आठ दिवसांपूर्वीचं बजेट विसरलो. बाबासाहेबांना दोन्ही कामं एकाच आंदोलनाची वाटत होती.

महाराष्ट्रात २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळा हलवायचा निर्णय झाला. पुढं वीसच्या आतल्या पटाचा विषय निघाला, 'समूह शाळा' असा गोड शब्द आला. गोड शब्दाला भुलू नका. साहेब वही घेऊन आले तर मी विचारले नाहीत ते प्रश्न तुम्ही विचारा. पट कशानं घटला? शाळा बंद करून नेमके किती रुपये वाचणार, ते एकूण खर्चाच्या शंभरात किती? वाचलेला पैसा कुठं जाणार? या वर्षी दुसरीकडं कशावर खर्च केला? आणि पहिली ते पाचवीच्या पोराला एक किलोमीटरच्या आत शाळा पाहिजे असा आपल्या राज्याचा नियम आहे, त्याचं काय? हा नियम मला सही केल्यावर कळला. तिथल्या कोर्टानं नाकारलेला हक्क आपल्या घटनेत २००२ पासून लिहिलेला आहे, तोही मी त्या दिवशी विसरलो होतो.

मी आता माझ्या सहीविरुद्ध अर्ज दिला आहे. त्यावर वस्तीतल्या बायांचे अंगठे आणि सह्या आहेत. पहिला अंगठा त्या दोन पोरींच्या आईचा. अर्ज देताना कारकून म्हणाला, "तुम्हीच तर सही केली होती." म्हटलं, हो, तेव्हा हिशेब येत नव्हता.

मित्रांनो, तुमच्या तालुक्यातल्या शाळांची यादी काढा, पट लिहा, अंतर पायानं मोजा आणि आम्हाला कळवा.

जयभीम.