आतली भिंत

कोलकात्यात नव्याने आलेल्या मराठी माणसाची पहिली फजिती शब्दांच्या उंबरठ्यावर होते. बंगाली सुतार ‘ताक’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे भिंतीवरची फळी असते; आपल्या डोळ्यांपुढे लोटा. मुळात अरबी-फारसीतून आलेला हा शब्द कमान आणि कमानीचा कोनाडा यांचा वाचक. बंगालीने तो फळीला बहाल केला आणि भिंतीतल्या पोकळीसाठी ‘कुलुंगी’ हा शब्द राखला. ‘कपाट’ या शब्दाचा प्रवास तर उलट दिशेचा. संस्कृतात आणि बंगालीत कपाट म्हणजे दाराचे पाखे. मराठीत मात्र ती वस्तू ठेवण्याची जागा झाली. भिंतीतल्या फडताळाला दारे बसली आणि दारांचेच नाव साऱ्या फडताळाला मिळाले, असा माझा तर्क आहे. व्युत्पत्तिकारांनी तो खोडून काढला तर माझी हरकत नाही.

भिंतीवरील फळीचा इतिहास हा खरे पाहता भिंतीच्या जाडीचा इतिहास होय. उत्तर कोलकात्यातील जुनी घरे विटा, चुना आणि सुरखी यांनी उभारलेली. भिंती हात-दीड हात जाड. अशा भिंतीत कुलुंगी ठेवायची ती घर बांधतानाच. दिवा, देव, पानाचा डबा, पोथी यांच्या जागा गवंड्याने एकदा ठरवल्या की दोन-तीन पिढ्या त्या हलत नसत. आपल्याकडील वाड्यांचेही तेच. कोनाडा आणि फडताळ घराबरोबर जन्मत आणि घराबरोबरच पडत. तेथे सुताराचे काम थोडे आणि भाडेकरूचे तर काहीच नाही.

ही व्यवस्था मोडली ती छापील पुस्तकाने. पोथी कोनाड्यात मावते, ग्रंथसंग्रह मावत नाही. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी बादुडबागानच्या घरात जमवलेला संग्रह पुढे बंगीय साहित्य परिषदेकडे गेला. सर आशुतोष मुखर्जी यांच्या भवानीपुरातील घरी सुमारे 80,000 ग्रंथ होते. त्यांच्या वारसांनी ते 1949 मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयास दिले. एवढे ग्रंथ घरात ठेवायचे तर भिंत पोखरून भागत नाही, भिंतीपुढे लाकूड उभे करावे लागते. श्रीमंतांनी काचेच्या दारांची विलायती घाटाची कपाटे केली. त्यांत पुस्तक दिसते पुष्कळ आणि हाती लागते थोडे, हे ज्याने असे संग्रह पाहिले आहेत त्याला सांगायला नको.

या विलायती घाटाविरुद्ध पहिले बंड जोडासांकोत झाले. गगनेंद्रनाथ आणि अवनींद्रनाथ यांनी आपल्या घरातले अवजड व्हिक्टोरियन सामान दूर करून बुटके, साधे, देशी वळणाचे सामान करवून घेतले. हे बंड कलेच्या इतिहासात नोंदले गेले; पण करवून घेणे आणि करणे यांत अंतर आहे. ते ओलांडले रथींद्रनाथांनी. रवींद्रनाथांचा हा मुलगा अमेरिकेत इलिनॉयला शेतीशास्त्र शिकला, 1951 मध्ये विश्वभारतीचा पहिला कुलगुरू झाला, आणि आयुष्यभर स्वतःच्या हातांनी लाकूडकाम करीत राहिला. भद्रलोकांच्या घरात रंधा हा सुताराचा आणि लेखणी मालकाची, अशी जी वाटणी होती ती या एका माणसाने तरी मानली नाही. वडिलांच्या सावलीमुळे आपण त्याच्याकडे नीट पाहिले नाही, ही समीक्षेची हानी मी मानतो.

दरम्यान शहर बदलत होते. 1912 पासून इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने नवे रस्ते काढले, दक्षिणेकडे नव्या वस्त्या झाल्या. भाड्याचे मजले आले, आणि खोल्यांमधल्या भिंती पाच इंचांवर आल्या. पाच इंचांत कुलुंगी कोठली? आता फळी भिंतीत नव्हे, भिंतीवर बसू लागली. त्यासाठी भोक पाडून लाकडाचा गुटका ठोकायचा आणि त्यात स्क्रू पिळायचा. याच सुमारास लंडनमध्ये जॉन रॉलिंग्ज या कंत्राटदाराने ब्रिटिश म्युझियमच्या भिंतींना इजा न करता विजेची उपकरणे बसविण्यासाठी एक खुंटी शोधून काढली. तीच रॉलप्लग. आरंभी ती तागाच्या तंतूंची असे. बंगालचा ताग जगाच्या भिंतींत असा मुकाट्याने जाऊन बसला.

फाळणीनंतर मात्र हजारो कुटुंबांपाशी भिंतच उरली नाही. विजयगड, नेताजीनगर अशा निर्वासितांच्या वसाहतींत आरंभीची घरे दरम्याच्या, म्हणजे बांबूच्या चटईच्या, कुडाची. त्यात खिळा ठरत नाही. तेथे छपराच्या वाशाला दोऱ्या बांधून फळी टांगायची. बंगालीत ‘शिका’ म्हणतात ते आपले शिंकेच. दही-दुधाच्या शिंक्याचा हा दूरचा भाऊ शाळेची पुस्तके सांभाळू लागला. पुढे कुडाच्या जागी वीट आली, तेव्हा अनेक घरांत पहिली कायमची वस्तू बसली ती फळी. जमिनीचा कागद हाती येण्यास आणखी पुष्कळ वर्षे लागली.

मी स्वतः या शहरात फळ्या ठोकल्या त्या याच्या मानाने सुखाच्या दिवसांत, आणि तरीही चुकीच्या भिंतीवर. खोलीची पश्चिमेकडील बाहेरची भिंत मोकळी दिसली म्हणून ती निवडली. दोन पावसाळ्यांत तिला नोना, म्हणजे लोणा, लागला. गिलावा पिठासारखा झडला आणि स्क्रू बोटांनी निघू लागले. खालच्या रांगेतील सखाराम गणेश देऊस्करांच्या ‘देशेर कथा’ची प्रत बुरशीने गेली. मातृभाषा मराठी असलेल्या या लेखकाचे 1904 मधील हे बंगाली पुस्तक सरकारने 1910 मध्ये जप्त केले होते. जप्तीतून वाचलेले पुस्तक माझ्या अज्ञानातून वाचले नाही.

मग निमतल्याच्या लाकूडबाजारातून सागाच्या फळ्या आणल्या, स्वतः रंधल्या आणि दोन खोल्यांमधल्या आतल्या भिंतीवर लावल्या. शेजारच्या वृद्ध मिस्त्रींनी तीन गोष्टी शिकविल्या. भोक विटेत पाडा, सांध्यात नको. फळी भिंतीला चिकटवू नका, बोटभर फट ठेवा, म्हणजे वारा खेळेल आणि वाळवीची माती दिसेल. आणि आधार दूर ठेवू नका. या शेवटच्या सूचनेचे गणित मला नंतर कळले: तशाच भरलेल्या फळीची लांबी दुप्पट केली तर तिचा वाक सोळापट होतो. हातभर रांगेतली जाडजूड पुस्तके दहा-पंधरा किलो सहज भरतात.

लेक टेरेसवरील यदुनाथ सरकारांच्या घरातून मराठी इतिहासाची साधने त्यांच्या निधनानंतर, म्हणजे 1958 नंतर, राष्ट्रीय ग्रंथालयात गेली. गोविंद सखाराम सरदेसायांशी त्यांचा अर्धशतकाचा पत्रव्यवहार होता. त्या स्नेहातून मराठीचा एक कोपरा या शहरात टिकला. सर्वांच्या नशिबी ग्रंथालय नसते. येथल्या मराठी कुटुंबांतील मुले पुण्याला, परदेशी गेली की फळ्या प्रथम उतरतात. कॉलेज स्ट्रीटच्या पदपथावर, बंगाली पाठ्यपुस्तकांच्या ढिगाखाली, मला हरिभाऊंची एक कादंबरी मिळाली. आत कोणा आजीच्या वळणदार मोडी अक्षरांत नाव होते. ती आता आतल्या भिंतीवर, वरून दुसऱ्या फळीवर आहे. त्या फळीच्या उजव्या टोकाला सहा-सात पुस्तकांची जागा मी रिकामी ठेवली आहे.