प्रात्यक्षिक कोणाच्या डोळ्यांसाठी?

पुणे-सोलापूर महामार्गावर यवतच्या पुढे भांडगाव लागते. तेथील एका निवृत्त शिक्षकांच्या घरी घडलेला एक साधा प्रसंग या लेखनाचे निमित्त ठरला. गुरुजींची दृष्टी काचबिंदूने गेली आहे. जन्मभर मराठी शिकवलेला हा माणूस वाचनावाचून तळमळतो, म्हणून त्यांच्या पुतण्याने छापील मजकूर वाचून दाखवणाऱ्या यंत्राच्या विक्रेत्यास घरी बोलावले होते. आम्हीही तेथे होतो. विक्रेता तरुण होता, नम्र होता आणि त्याचे बोलणे पाठ केलेले होते. यंत्र मेजावर मांडून तो पुतण्याकडे वळला, "सर, हे बघा, हे निळं बटण दाबलं की स्क्रीनवर सगळं दिसतं."

गुरुजींनी हात पुढे करून यंत्राची कड चाचपली. "निळं बटण हाताला कसं ओळखायचं?"

उत्तर पुतण्याला मिळाले. "सवय होते सर, आजोबांना."

यंत्राने एक इंग्रजी माहितीपत्रक सुरेल आवाजात वाचले. मराठी वाचते का, या प्रश्नावर "सगळ्या भाषा वाचतं" असे ठाम उत्तर आले. गुरुजींनी कपाटातले पुस्तक मागवले. त्यातले पान यंत्राखाली धरताच ते क्षणभर थबकले आणि असंबद्ध इंग्रजी ध्वनी काढू लागले. "अपडेट टाकावं लागेल," विक्रेता म्हणाला. यंत्राची किंमत गुरुजींच्या कित्येक महिन्यांच्या निवृत्तिवेतनाएवढी होती.

त्या तरुणाला हसणे सोपे आहे. परंतु आमच्या मते त्याचे अज्ञान व्यक्तिगत नाही, त्यास सव्वादोनशे वर्षांहून जुनी परंपरा आहे. अंधांसाठीच्या साधनांची प्रात्यक्षिके बहुधा अंधांसमोर झालीच नाहीत. ती झाली पैसे देणाऱ्या डोळसांसमोर.

व्हालँताँ आयुई या फ्रेंच गृहस्थाने १७७१ मध्ये पॅरिसच्या सेंट ओविड जत्रेत काही अंध वादकांची विटंबना पाहिली. डोळ्यांवर भलेमोठे चष्मे चढवून आणि स्वरलिपीचे कागद पुढे ठेवून त्यांना लोकांच्या करमणुकीसाठी बसवले होते. त्या दृश्याने व्यथित होऊन त्याने पुढे अंध मुलांची शाळा काढली. हेतू उदात्त होता, यात शंका नाही. पण १७८६ च्या नाताळात हीच मुले व्हर्सायला राजापुढे वाचन करून दाखवण्यास नेली गेली. जत्रेतून दरबारात आली तरी ती दाखवण्याचीच वस्तू राहिली. शाळेची पुस्तकेही तशीच होती. नेहमीची रोमन अक्षरे कागदावर उठावदार केलेली. देणगीदारास ती चटकन वाचता येत. बोटांना मात्र एकेक वळण शोधत जावे लागे, पुस्तके अवजड होत, आणि त्या लिपीत मुलाला स्वतः काही लिहिता येणे जवळजवळ अशक्यच होते.

१८२१ मध्ये शार्ल बार्बिये याने आपली बारा ठिपक्यांची ध्वनिलेखनपद्धती याच शाळेत आणली. शाळेतल्या लुई ब्रेलने तिच्यातील उणिवा ओळखल्या. एक चिन्ह बोटाच्या एका स्पर्शात मावत नव्हते, आणि शब्दाचे शुद्धलेखनही त्यात कळत नव्हते. पंधराव्या वर्षी, १८२४ च्या सुमारास, त्याने सहा ठिपक्यांची लिपी सिद्ध केली. मुलांनी ती उचलली, परंतु डोळसांना ती अक्षरासारखी 'दिसत' नव्हती. १८४४ मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. शाळेने अधिकृतपणे ती १८५४ मध्ये स्वीकारली. ब्रेल १८५२ मध्येच वारला होता.

विसाव्या शतकातले ऑप्टोफोनचे उदाहरण आम्हांस अधिक बोलके वाटते. फुर्निये दाल्ब याने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हे यंत्र रचले. छापील अक्षराच्या आकारानुसार ते निरनिराळे सूर काढी आणि त्या सुरांवरून अक्षर ओळखायचे. १९१८ मध्ये मेरी जेमसन या अंध तरुणीने त्याचे जाहीर प्रात्यक्षिक केले. तेव्हा तिची गती मिनिटाला जेमतेम एक शब्द होती. आता अंधांना कोणतेही पुस्तक खुले झाले, अशी वर्णने झाली. स्वतः अंध असलेल्या सर आर्थर पिअर्सन यांनी मात्र या दाव्यांवर शंका घेतली. जेमसनबाईंनी पुढे दशकानुदशके सराव केला आणि मिनिटाला साठ शब्दांपर्यंत मजल मारली. म्हणजे यंत्र खोटे नव्हते. ते शिकायला किती काळ आणि किती कान लागतो, एवढेच प्रात्यक्षिकात कधी सांगितले जात नव्हते. ऑप्टोफोन फारसे खपले नाहीत.

याउलट रेमंड कर्झवाइल यांचे वाचनयंत्र. ते १९७६ मध्ये जाहीर झाले, आणि अमेरिकेतील अंधांच्या राष्ट्रीय संघटनेचे सदस्य त्याच्या चाचणीत सहभागी होते. पुढे संगणकाचा पडदा वाचणारा 'जॉज' रचणारे टेड हेंटर स्वतः अंध. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या 'एनव्हीडीए' या मोफत आज्ञावलीचे दोन्ही शिल्पकारही अंधच. अशा माणसाला निळ्या बटणाचा विचार सुचणारच नाही.

आपल्याकडे मुंबईत १९०० मध्ये अमेरिकन मिशनच्या मिस मिलार्ड यांनी अंधांची शाळा सुरू केली. पुण्याची शाळा १९३४ ची. भारतीय भाषांसाठी निरनिराळ्या ब्रेललिप्या चालू होत्या. त्यांच्या जागी १९५१ मध्ये एकच भारती ब्रेल आली. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी तिच्याकडे जरूर पाहावे. देवनागरीत 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते, ब्रेलमध्ये मात्र उच्चाराप्रमाणे क आधी आणि इ मागून. ळ ला स्वतःचे चिन्ह आहे, ४-५-६ ठिपक्यांचे. ही लिपी डोळ्यांची नक्कल करीत नाही, हेच तिचे सामर्थ्य.

संगणकाने पुन्हा डोळ्यांची सत्ता आणली. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी छपाईचे टंक रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवीत. पडद्यावर मराठी दिसे, पण संगणकाच्या पोटात रोमन अक्षरांची खिचडी असे, आणि पडदावाचक तीच खिचडी उच्चारी. अशा टंकांत साठवलेले मराठी साहित्य अंध वाचकाला बंदच राहिले. विक्रीचे प्रात्यक्षिक इंग्रजीत होते म्हणून ही अडचण खरेदीनंतरच कळते. आवाज मराठी असला तरी प्रश्न संपत नाही. 'जरा' म्हणजे थोडे आणि 'जरा' म्हणजे वार्धक्य, यांतला ज वेगळा, हे लिपी सांगत नाही. मग यंत्राने ते कसे जाणावे?

यात आणखी एक शब्द अडकलेला आहे. १९८१ पासूनच्या केंद्रीय साहाय्य योजनेतून अपंगांना साधने मिळतात, हे मोलाचेच. पण कागदोपत्री त्या माणसाचे नाव 'लाभार्थी'. ग्राहक दुसराच कोणी असतो. ग्राहकाला प्रश्न विचारता येतो, लाभार्थ्याने आभार मानायचे असतात. विक्रेता पुतण्याकडे पाहून बोलत होता, तो याच हिशेबाने.

'प्रात्यक्षिक' या शब्दात 'अक्ष' आहे, आणि अक्ष म्हणजे डोळा, असे आपण सहज धरून चालतो. नैयायिकांच्या लेखी मात्र अक्ष म्हणजे इंद्रिय, कोणतेही. स्पर्शाने झालेले ज्ञानही प्रत्यक्षच. गुरुजींनी यंत्राची कड चाचपली तेव्हा त्या खोलीतले पहिले प्रात्यक्षिक सुरू झाले होते. ते विक्रेत्याच्या ध्यानात आले नाही आणि, खरे सांगायचे तर, आमच्याही नाही.

ते यंत्र घेतले गेले नाही. पुढे दौंडहून एक अंध गृहस्थ आले. त्यांनी गुरुजींचाच मोबाइल गुरुजींच्या हाती ठेवला आणि दुपारभर त्यांचे बोट धरून शिकवले. आल्याआल्या त्यांनी पहिला प्रश्न केला होता तो गुरुजींना, "गुरुजी, तुम्हांला काय वाचायचंय?" आता फोन वाचतो. 'जरा' चुकला की गुरुजी त्याला थांबवतात आणि मोठ्याने दुरुस्त करून सांगतात.