रद्दीतला हरियल

महिन्यातून एकदा रद्दीवाला दारात येतो, तराजू धरतो आणि महिनाभराच्या बातम्या किलोच्या भावाने जातात. गठ्ठा बांधला जाण्याआधी घरातलं मूल एखादी रंगीत पुरवणी हळूच ओढून घेतं. शाळेत बाईंनी चिकटचित्र करून आणायला सांगितलेलं असतं. पोपटी पानाचे तुकडे, एखादी पिवळी जाहिरात, करड्या रंगाची बातमी आणि डिंकाची बाटली. तासाभरात पुठ्ठ्यावर हरियल बसलेला असतो, आपला राज्यपक्षी. “पाय पिवळेच हवेत बरं का,” असं आजोबा बजावतात.

या कागदी हरियलाच्या मागे बराच इतिहास आहे.

टाकाऊतून टिकाऊ ही काही आजची कल्पना नाही. आपल्याकडचा हातकागद मुळात टाकाऊ वस्तूंतूनच जन्मला. जुन्नरला आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात कारागीर चिंध्या आणि जुने दोर कुटून त्यांचा लगदा करत. या कागदांवर आपल्याकडची दप्तरं लिहिली गेली. पुढे नागपूरजवळच, वर्ध्याच्या मगनवाडीत, १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने हातकागदाला पुन्हा उभारी देण्याचा प्रयत्न केला. त्यामागे जे. सी. कुमारप्पा होते.

पण घराघरांत कागद पोहोचला तो गिरण्यांमुळे, आणि गिरण्यांना जंगल लागलं. १९४५ साली स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या गिरणीत चंद्रपूर-गडचिरोलीकडचा बांबू कागदासाठी जाऊ लागला. नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्यप्रांत-वऱ्हाडात १९४७ साली नेपा गिरणीचा आरंभ झाला. वृत्तपत्राचा कागद बनवणारी देशातली ही पहिली गिरणी. एप्रिल १९५६ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. तिथे कच्चा माल होता सातपुड्यातली सालई आणि बांबू. म्हणजे त्या काळी आपल्याकडच्या कितीतरी घरांत सकाळच्या चहाबरोबर सातपुड्याचं जंगलच उलगडलं जात असे.

कागद चिकटवून चित्र करण्याची रीत त्याहून जुनी. कोलाज हा शब्द ‘चिकटवणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला. १९१२ साली पिकासो आणि ब्राक यांनी वर्तमानपत्राचे आणि भिंतीच्या कागदाचे तुकडे चित्रात आणले. पण आपल्या विषयाला जवळची गोष्ट आहे ती आन्री मातीस यांची. १९४६ साल, पॅरिसमधलं घर. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर शहात्तर वर्षांच्या या चित्रकाराला फार वेळ उभं राहवत नव्हतं. लिहायच्या साध्या कागदातून त्यांनी एक पाकोळी कातरली. ती फेकून देणं जिवावर आलं, म्हणून भिंतीवरचा एक डाग झाकायला ती तिथे लावली. मग तिच्या शेजारी दुसरा आकार आला, तिसरा आला. पक्षी, मासे, प्रवाळ यांनी भिंत भरली आणि त्यातूनच ‘ओशनिया’ ही त्यांची गाजलेली कलाकृती झाली.

आपल्या मुलाचं चिकटचित्र त्याच वाटेवरचं आहे. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. एका चित्राने जंगल वाचत नाही. त्यात मूठभर रद्दी लागते. उरलेल्या गठ्ठ्याचा पुन्हा लगदा होतो, पण प्रत्येक फेरीत कागदाचा तंतू आखूड होत जातो. पाच-सात फेऱ्यांनंतर त्याचा कागद होत नाही. मग नवा तंतू लागतोच.

चित्राची खरी कमाई वेगळी आहे. हरियल वडाच्या पानांत बसला की समोर असूनही दिसत नाही. पण त्याचं चित्र करायचं ठरलं, की पोपटी रंग कुठे संपतो, करडा कुठे सुरू होतो, खांद्यावरची जांभळट झाक कुठे असते, हे पाहावंच लागतं. नागपूरजवळच राहून मारुती चितमपल्लींनी वर्षानुवर्षं हेच सांगितलं, आधी पाहा.

तेव्हा यंदा वड-पिंपळ फळांनी लगडले, की मुलांना घेऊन एखाद्या जुन्या झाडाखाली सकाळी शांत उभे राहा. घरी आल्यावर रद्दी काढा. कात्री लागणार नाही. वर्तमानपत्राचं पान वरून खाली सरळ फाटतं, आडवं वेडंवाकडं. फाटलेल्या कडेला जे पांढुरके धागे दिसतात, ते लाकडाचे तंतू. पिसांसाठी ते चांगले दिसतात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)